पत्त्याची मागची बाजू

‘ऑस्ट्रेलियाची राजधानी कोणती?’ हा प्रश्न मुलांच्या सामान्यज्ञानाच्या बहुतेक पुस्तकांत असतो, आणि ‘सिडनी’ असे ठोकून देणाऱ्या मुलाला ‘चूक, कॅनबेरा’ एवढेच सांगून पुस्तक पुढच्या प्रश्नाकडे वळते. मी ज्या प्रश्नपत्त्यांच्या संचाबद्दल लिहिते आहे, त्यातला पत्ता मात्र तेथे थांबत नाही. पत्ता उलटला की कळते, की सिडनी आणि मेलबर्न या दोन मोठ्या शहरांपैकी एकालाही दुसऱ्याने राजधानी होऊ दिले नसते, म्हणून १९०८ मध्ये दोहोंच्या दरम्यानची एक जागा निवडण्यात आली, तेथे नवे शहर वसवण्यात आले आणि १९२७ मध्ये संसद तिकडे हलली. माझा अकरा वर्षांचा भाचा ‘सिडनी’ म्हणून गुण गमावून बसला होता. पण मागची बाजू वाचून झाल्यावर तो म्हणाला, ‘‘मावशी, म्हणजे दोघांच्या भांडणात तिसऱ्याला मिळाली.’’ कॅनबेरा हे नाव तो आता विसरणार नाही, याची मला खात्री वाटते.

संचाचे स्वरूप थोडक्यात असे आहे. खोक्यात चार रंगांचे चार गठ्ठे आहेत: तपकिरी रंगाचा इतिहासाचा, केशरी सण आणि सुट्ट्यांचा, हिरवा खेळांचा आणि निळा भूगोलाचा. प्रत्येक पत्त्याच्या पुढच्या बाजूला एक प्रश्न आणि दोन इशारे असतात. मागच्या बाजूला उत्तर आणि त्याखाली चार-पाच ओळींचे स्पष्टीकरण. सोबत जगाचा घडीचा नकाशा, त्यावर ठेवायच्या लाकडी सोंगट्या, अर्ध्या मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि नियमांचा कागद आहे. खोक्यावर ‘वय वर्षे ८ ते १४’ असे छापले आहे. मी हा संच सुमारे दोन महिने माझा भाचा आणि त्याची आठ वर्षांची धाकटी बहीण यांच्याबरोबर खेळले, आणि नंतर एकटीने बसून चारही गठ्ठे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढले. खेळताना लक्षात न आलेल्या काही गोष्टी या दुसऱ्या वाचनातच दिसल्या.

चारही गठ्ठ्यांत भूगोलाचा गठ्ठा सर्वांत सरस आहे, आणि त्यातही एक पत्ता तर असा आहे की केवळ त्याच्यासाठी संच हाताळून पाहावा. प्रश्न अगदी साधा आहे: ‘जगातील सर्वांत उंच पर्वत कोणता?’ मुले एका सुरात ‘एव्हरेस्ट’ म्हणतात आणि पत्ता उलटतात, तर मागे एकाऐवजी तीन उत्तरे असतात. समुद्रसपाटीपासून मोजले तर एव्हरेस्ट, ८,८४८.८६ मीटर. पायथ्यापासून शिखरापर्यंत मोजले तर हवाई बेटांवरील माउना केआ, जो समुद्राच्या वर जेमतेम ४,२०० मीटर दिसतो, पण ज्याचा पायथा समुद्रतळाशी असल्यामुळे त्याची एकूण उंची १०,००० मीटरहून अधिक भरते. आणि पृथ्वीच्या केंद्रापासून मोजले तर इक्वेडोरमधील चिंबोराझो, ज्याची समुद्रसपाटीपासूनची उंची ६,३०० मीटरपेक्षाही कमी आहे. पण पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली असल्याने त्याचे शिखर एव्हरेस्टच्या शिखरापेक्षा केंद्रापासून सुमारे दोन किलोमीटर अधिक दूर आहे. आमच्याकडे या पत्त्यावरून पाऊण तास वाद रंगला. ‘उंच’ म्हणजे कोठून उंच, हा प्रश्न धाकटीने आपणहून विचारला आणि मग खुर्चीवर उभी राहून आपण दादापेक्षा उंच असल्याचे सिद्धही केले.

याच धर्तीचे आणखी काही पत्ते या गठ्ठ्यात आहेत. सर्वांत लांब नदी विचारताना नाईल (सुमारे ६,६५० किलोमीटर) हे उत्तर देऊन खाली सांगितले आहे, की ॲमेझॉनचा उगम नेमका कोणत्या ओढ्यापासून धरायचा आणि मुखाशी ती कोठे संपते असे मानायचे, यावर तिची लांबी बदलते आणि म्हणून हा क्रम वादाचा आहे. सर्वांत मोठे वाळवंट विचारणाऱ्या पत्त्यावर सहारा हे उत्तर चूक धरले आहे. कारण वाळवंट पावसाच्या कमतरतेवरून ठरते, उष्णतेवरून नाही, आणि त्या हिशेबाने सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरचे अंटार्क्टिका पहिले येते, तर सुमारे ९० लाख चौरस किलोमीटरचा सहारा उष्ण वाळवंटांमध्ये पहिला. दक्षिण आफ्रिकेच्या राजधानीच्या प्रश्नाला प्रिटोरिया, केप टाउन आणि ब्लूमफाँटेन अशी तिन्ही उत्तरे स्वीकारली जातात, आणि शासन, संसद व न्यायव्यवस्था यांची वाटणी कशी झाली आहे तेही दोन ओळींत येते. प्रश्न तयार करणाऱ्याला आपल्या विषयात रस आहे, हे अशा ठिकाणी जाणवते.

त्यामुळे सोबतच्या नकाशाने केलेली निराशा अधिकच बोचते. निळ्या गठ्ठ्यातील एका पत्त्यावर स्पष्ट लिहिले आहे, की आफ्रिका खंड क्षेत्रफळाने ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट मोठा आहे. आम्ही खोक्यातला नकाशा उघडला, तर त्यात ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळजवळ सारखेच दिसत होते. भाच्याने आधी पत्ता चुकीचा ठरवला. मग मला सांगावे लागले, की हा नकाशा मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीने काढलेला आहे. १५६९ मध्ये त्याने ही पद्धत खलाशांसाठी बसवली, जेणेकरून होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारा मार्ग नकाशावर सरळ रेषेत काढता यावा, आणि त्या सोयीची किंमत म्हणून ध्रुवांकडचे प्रदेश अवाढव्य ताणले जातात. संचाच्या एका भागाने दुसऱ्याला खोटे पाडावे आणि त्यातून मुलांना नकाशाशास्त्राचा पहिला धडा मिळावा, हे ऐकायला छान वाटते. पण ते योजून झालेले नाही. नकाशाच्या कोपऱ्यात एक ओळ छापली असती तर ते योजून झाले असते. क्षेत्रफळांचे प्रमाण सांभाळणारे नकाशे उपलब्ध असताना मुलांच्या खेळात हाच नकाशा का घातला, याचे उत्तर बहुधा एवढेच असावे, की तो सहज हाताशी होता.

इतिहासाच्या गठ्ठ्याचा दर्जा मात्र खालीवर होतो. त्याच्या उत्तम पत्त्यांमध्ये काळाचे भान देणारे पत्ते येतात. क्लिओपात्रा कशाच्या अधिक जवळ होती, गिझाच्या महापिरॅमिडच्या बांधणीच्या की चंद्रावरील पहिल्या पावलाच्या? पिरॅमिड इसवी सनापूर्वी सुमारे २५६० चा, क्लिओपात्राचा मृत्यू इसवी सनापूर्वी ३० मध्ये आणि चंद्रावरील पाऊल १९६९ चे; म्हणजे ती चांद्रमोहिमेला पाचेकशे वर्षांनी अधिक जवळ आहे. ‘प्राचीन इजिप्त’ या दोन शब्दांत केवढा काळ कोंबलेला असतो, हे यापेक्षा सोपे करून सांगता येईल असे मला वाटत नाही. शतवार्षिक युद्ध किती वर्षे चालले, हा प्रश्न मुलांना गंमत म्हणून आवडतो (१३३७ ते १४५३, म्हणजे ११६ वर्षे). पृथ्वीला पहिली प्रदक्षिणा कोणी घातली, याला ‘मॅगेलन’ हे उत्तर न स्वीकारता पत्ता सांगतो, की मॅगेलन १५२१ मध्ये फिलिपाइन्समधील मॅक्टन बेटावर मारला गेला आणि पाच जहाजांपैकी एकटे ‘व्हिक्टोरिया’ १५२२ मध्ये एल्कानोच्या नेतृत्वाखाली अठरा माणसांसह परतले. भाचीला मॅगेलनपेक्षा त्या अठरा जणांचे अधिक वाटले. त्यांची नावे पत्त्यावर का नाहीत, असे ती विचारत राहिली.

याच गठ्ठ्यात चीनची भिंत चंद्रावरून दिसते असे सांगणारा पत्ता निघावा, याचा खेद वाटतो. भिंत लांब असली तरी तिची रुंदी काही मीटरच आहे आणि तिचा रंग आजूबाजूच्या जमिनीत मिसळून जातो. चंद्राच्या अंतरावरून ती नुसत्या डोळ्यांनी दिसणे शक्यच नाही. यांग लिवेइ हा चीनचा पहिला अंतराळवीर २००३ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, तेव्हा त्यानेही आपल्याला भिंत दिसली नाही असेच सांगितले, आणि तो तर चंद्राच्या मानाने पृथ्वीच्या अगदी लगत होता. छपाईचा शोध गुटेनबर्गने लावला, हा पत्ताही असाच अर्धवट आहे. युरोपात १४५० च्या दशकात त्याने सुट्या खिळ्यांची, म्हणजे एकेका अक्षराच्या सुट्या ठशांची, छपाई मार्गी लावली हे खरे. परंतु चीनमध्ये मातीचे खिळे अकराव्या शतकातच वापरून झाले होते, आणि कोरियात धातूच्या खिळ्यांनी १३७७ मध्ये छापलेला बौद्ध ग्रंथ आजही जपून ठेवलेला आहे. पर्वताच्या पत्त्यावर तीन उत्तरे देणाऱ्या संचाला येथे एकाच नावावर समाधान मानावेसे वाटले, याचे कारण गठ्ठा वाचताना उलगडते. निम्म्याहून अधिक पत्ते युरोपातले आहेत. आफ्रिकेचा इतिहास पिरॅमिडपाशी सुरू होऊन तेथेच संपतो, आणि दक्षिण अमेरिकेच्या वाट्याला इन्का साम्राज्याचा एकच पत्ता आला आहे.

सण आणि सुट्ट्यांचा केशरी गठ्ठा हा संचाचा सर्वांत दुबळा भाग आहे, आणि त्याविषयी जरा विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या विषयात मुलांना शिकण्यासारखे सर्वांत अधिक असते. सण केव्हा येतो हे विचारणे म्हणजे खरे तर कालगणना कशी चालते हे विचारणे. या गठ्ठ्यात मात्र ‘ईस्टर कोणत्या महिन्यात येतो?’ या प्रश्नाला ‘एप्रिल’ असे उत्तर छापले आहे. ईस्टरची तारीख वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून आणि तिच्या पुढच्या रविवारावरून ठरते. ती २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कोठेही पडू शकते आणि २०२४ मध्ये ती ३१ मार्चला पडली होती. ‘रमजान ईद कोणत्या महिन्यात?’ याला ‘मे’ असे उत्तर आहे. हे तर सपशेल दिशाभूल करणारे आहे. इस्लामी वर्ष निव्वळ चांद्र असल्यामुळे ते सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, आणि म्हणून ईद दरवर्षी तेवढी अलीकडे सरकत साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येते. दिवाळी, चिनी नववर्ष किंवा ज्यूंचा पेसाह हे सणही चंद्रावर चालतात, पण त्या कालगणनांमध्ये अधूनमधून एक महिना वाढवून घेण्याची सोय आहे (एकोणीस वर्षांत सात महिने, असा साधारण हिशेब), त्यामुळे ते पुढेमागे झाले तरी आपला ऋतू सोडत नाहीत. म्हणूनच चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या पट्ट्यातच राहते. हे सारे एका पत्त्याच्या मागे मावले असते. भूगोलाच्या गठ्ठ्यात यापेक्षा अवघड गोष्टी मावल्या आहेत.

याच गठ्ठ्यात सण, राष्ट्रीय दिन, संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेले दिवस आणि सार्वजनिक सुट्ट्या यांची सरमिसळ झाली आहे. १० डिसेंबरचा मानवी हक्क दिन (१९४८ च्या जाहीरनाम्याची आठवण) आणि नाताळ एकाच सुरात विचारले जातात, आणि मुलाला वाटते की दोन्ही दिवशी सगळे जग घरी बसते. १५ ऑगस्टच्या पत्त्यावर भारत, दक्षिण कोरिया आणि काँगो प्रजासत्ताक यांची नावे योग्य दिली आहेत. बहारीनचे नावही आहे, परंतु त्या देशाने १९७१ मध्ये १५ ऑगस्टला स्वातंत्र्य जाहीर केले असले तरी आपला राष्ट्रीय दिन तो १६ डिसेंबरला पाळतो, ही मौजेची गोष्ट गाळली आहे.

तरीही एका पत्त्याने या गठ्ठ्याची अब्रू राखली आहे. ‘रशियातील ऑक्टोबर क्रांतीचा वर्धापनदिन नोव्हेंबरमध्ये का येत असे?’ मागे उत्तर दिले आहे: १९१७ मध्ये रशियात अजून जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती, आणि तिच्यातील २५ ऑक्टोबर म्हणजे इतरांचा ७ नोव्हेंबर. त्या दिनदर्शिकेत वर्ष सुमारे अकरा मिनिटांनी मोठे धरले गेले होते. शतकांमागून शतके ही मिनिटे साचत गेली आणि शेवटी १५८२ मध्ये पोप ग्रेगरी यांनी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर घेऊन हिशेब चुकता केला. ८ मार्चच्या महिला दिनामागेही हेच गणित आहे, हे पत्त्यावर नसले तरी मी मुलांना सांगितले: १९१७ मध्ये पेट्रोग्राडच्या कामगार स्त्रिया रस्त्यावर उतरल्या तो दिवस त्यांच्या दिनदर्शिकेप्रमाणे २३ फेब्रुवारी होता. हे ऐकून भाचीने विचारले, ‘‘मधल्या दहा दिवसांत ज्यांचा वाढदिवस होता त्यांनी काय केले?’’ मी तिला त्याच वेळी भूगोलाच्या गठ्ठ्यातला सामोआचा पत्ता काढून दिला. त्या देशाने आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या दुसऱ्या बाजूला जाण्यासाठी २०११ मधील ३० डिसेंबर हा दिवसच वगळला. तिच्या मते हा अन्याय आहे.

खेळांच्या गठ्ठ्याबद्दल फार लिहावे असे नाही. त्यातील अर्धे पत्ते ‘सर्वाधिक’ या शब्दाने सुरू होतात, आणि विक्रम हे मोडण्यासाठीच असल्याने असले पत्ते लवकर शिळे होतात. खेळ कसा घडला हे सांगणारे पत्ते मात्र वाचनीय आहेत. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे विचित्र अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून मैदानातील राजकुटुंबाच्या सज्जासमोरपर्यंत शर्यत नेण्याच्या हौसेतून आले आणि १९२१ मध्ये तेच कायम झाले. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये स्प्रिंगफिल्ड येथे बास्केटबॉल बसवला, तेव्हा पीच फळांच्या टोपल्यांना बूड होते आणि प्रत्येक गोलनंतर चेंडू वर चढून काढावा लागे. क्रिकेटचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८४४ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांच्यात झाला, हे मोठ्यांनाही खोटे वाटते. महिलांचा क्रिकेट विश्वचषक (१९७३) पुरुषांच्या विश्वचषकाच्या (१९७५) आधी झाला, हे कळल्यावर आमच्याकडे धाकटीने तो पत्ता जिंकलेल्या पत्त्यांत न ठेवता आपल्या दप्तरात ठेवला. संचात तो आता नाही. १९६६ मध्ये चोरीला गेलेला फुटबॉलचा विश्वचषक पिकल्स नावाच्या कुत्र्याने लंडनमधील एका बागेच्या कुंपणाखाली शोधून काढला, हाही पत्ता सर्वांचा लाडका ठरला. तोच चषक १९८३ मध्ये ब्राझीलमधून पुन्हा चोरीला गेला आणि मग सापडला नाही, एवढे पत्त्यावर असते तर बरे झाले असते.

आता या संचातील सर्वांत मोठ्या उणिवेकडे येते. खोक्यावर, नियमांच्या कागदावर किंवा एकाही पत्त्यावर संच कोणत्या वर्षी तयार केला हे छापलेले नाही. सामान्यज्ञानाच्या कोणत्याही साहित्यात ही चूक मला अक्षम्य वाटते, कारण ‘आहे’ या क्रियापदाने संपणारे प्रत्येक उत्तर कोणत्या तरी तारखेपर्यंतच खरे असते. हे माझ्या ध्यानात आले ते कझाकस्तानच्या पत्त्यामुळे. राजधानी म्हणून त्यावर ‘नूर-सुलतान’ हे नाव होते. अस्तानाला ते नाव २०१९ मध्ये देण्यात आले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये परत घेण्यात आले, म्हणजे पत्ता त्या दरम्यानचा. भाच्याला ही युक्ती इतकी आवडली, की खेळ बाजूला ठेवून आम्ही संचाचे वय काढायला बसलो.

शिलालेखावर काळ कोरलेला नसेल तर त्यातील राजांच्या उल्लेखांवरून तो ठरवतात, तशीच ही रीत होती. एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर दिलेली, आणि हा आकडा नेपाळ व चीन यांनी डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केला. तेव्हा पत्ते त्यानंतरचे. टोकियोचे २०२० चे ऑलिंपिक ‘२०२१ मध्ये झाले’ असा भूतकाळ वापरलेला. तेव्हा ऑगस्ट २०२१ नंतरचे. अर्जेंटिनाने फुटबॉलचा विश्वचषक दोनदा जिंकल्याचे लिहिलेले. तेव्हा डिसेंबर २०२२ च्या आधीचे, कारण त्या महिन्यात तिसरा आला. ईद मे महिन्यात ठेवणारा तो चुकीचा पत्ताही येथे साक्षीला आला, कारण २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी ईद खरोखरच मेमध्ये आली होती. तुर्कस्तानने २०२२ मध्ये घेतलेल्या ‘तुर्किये’ या नव्या नावाचा काही उपयोग होईल असे भाच्याला वाटले. पण मराठीत आपण त्या देशाला पूर्वीपासून तुर्कस्तानच म्हणतो, त्यामुळे तो साक्षीदार फुटला. शेवटचा पुरावा इतिहासाच्या गठ्ठ्यातून निघाला. ब्रिटनच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ ‘सत्तर वर्षांहून अधिक काळ राज्य करीत आहेत’ असे एका पत्त्यावर छापले होते. त्या ६ फेब्रुवारी १९५२ रोजी गादीवर आल्या आणि ८ सप्टेंबर २०२२ रोजी निवर्तल्या. ‘सत्तर वर्षांहून अधिक’ आणि ‘आहेत’ या दोन शब्दप्रयोगांनी मिळून संचाचा मजकूर फेब्रुवारी ते सप्टेंबर २०२२ या सात महिन्यांत आणून ठेवला.

या सगळ्यात दोन तास गेले आणि दोन्ही मुलांनी नियमांप्रमाणे खेळताना कधी पाहिले नव्हते इतक्या बारकाईने पत्ते वाचले. याचे श्रेय संचाला द्यायचे की नाही, याबद्दल माझे मन अजून दोलायमान आहे. स्पष्टीकरणे इतकी नेमकी नसती तर हा शोध घेताच आला नसता. आणि खोक्यावर वर्ष छापलेले असते तर तो घ्यावाच लागला नसता. सापडलेल्या चुकांची यादी मी प्रकाशकांना कळवली. पुढच्या आवृत्तीत विचार करू, असे सौजन्यपूर्ण उत्तर आले. तोवर आम्ही पेन्सिलीने दुरुस्त्या केल्या आहेत, आणि भाच्याच्या आग्रहावरून प्रत्येक दुरुस्तीखाली तारीख घातली आहे.

खेळाचे नियम बेताचे आहेत. इशारा न घेता उत्तर दिल्यास दोन गुण, घेतल्यास एक, आणि वाळू संपली की पाळी गेली. वाळूच्या घड्याळामुळे पाठांतर असलेल्या मुलाचा फायदा होतो आणि विचार करून उत्तराच्या जवळ जाणारे मूल मागे पडते. चौथ्या दिवशी आम्ही घड्याळ बाजूला ठेवले आणि असा नियम केला, की बरोबर उत्तराला एक गुण, पण ते तसे का आहे हे पत्ता न उलटता सांगता आले तर आणखी दोन. त्यानंतर धाकटीही जिंकू लागली. भूगोलाचे उत्तर देताना नकाशावर सोंगटी ठेवण्याचा नियम चांगला आहे, फक्त सोंगट्या इतक्या जाड आहेत, की एका सोंगटीखाली बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग तिन्ही झाकले जातात.

भाषेविषयी एक तक्रार नोंदवावीशी वाटते. मागच्या बाजूची स्पष्टीकरणे सरळ, वाचनीय मराठीत आहेत. पुढचे प्रश्न मात्र दुसऱ्या कोणी, दुसऱ्या भाषेतून घाईने उतरवल्यासारखे वाटतात. ‘कोणत्या वर्षात प्रथम आधुनिक ऑलिंपिक खेळांचे आयोजन केले गेले होते?’ असे आठ वर्षांच्या मुलीला कोणी विचारत नाही. ‘आधुनिक ऑलिंपिक पहिल्यांदा कधी आणि कोठे भरले?’ एवढे पुरते (१८९६, अथेन्स). ‘ऑलिंपिक’ आणि ‘ऑलम्पिक’ अशी दोन्ही रूपे एकाच गठ्ठ्यात आढळतात. तपकिरी पत्त्यांवर गडद तपकिरी अक्षरे छापल्याने संध्याकाळच्या उजेडात ती वाचवत नाहीत. पत्त्यांचा कागद टिकाऊ आहे, कोपरे अजून शाबूत आहेत.

खोक्यावर आठ वर्षे लिहिले असले तरी एकट्याने खेळण्यासाठी हा संच दहा-अकरा वर्षांच्या मुलांना योग्य आहे. त्याहून लहान मुलांबरोबर एक मोठे माणूस बसायला हवे, आणि त्या माणसाने केशरी गठ्ठा आधी स्वतः चाळून त्यातील महिन्यांची उत्तरे दुरुस्त करून घ्यावीत. ज्या घरात मुलांना चढाओढीपेक्षा गप्पा आवडतात, तेथे भूगोलाचा गठ्ठा एकटाच पैसे वसूल करून देईल. शाळेच्या प्रश्नमंजूषेची तयारी म्हणून घेत असाल तर मात्र यातील विक्रमांचे पत्ते बाजूला काढावे लागतील, आणि राजधान्यांचे पत्ते एकदा ताज्या नकाशाशी ताडून पाहावे लागतील. सुधारित आवृत्ती निघाली आहे की जुनाच साठा विकला जातो आहे, हे खोक्यावरून कळणार नाही. दुकानात खोके उघडू दिले, तर निळ्या गठ्ठ्यातला कझाकस्तानचा पत्ता तेवढा आधी काढून पाहावा.